शेतकरी म्हणून घडवलेला सेनानी
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्नेस्ट हेमिंग्वेची 'फॉर हूम द बेल टोल्स' ही कादंबरी १९४० साली प्रसिद्ध झाली. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने लढणारा रॉबर्ट जॉर्डन हा अमेरिकन अध्यापक, शत्रूच्या पिछाडीला, डोंगरातल्या गनिमी टोळीच्या साहाय्याने एक पूल उडवतो, हे तिचे कथानक. तिच्यात एका खऱ्या सेनानीचा उल्लेख येतो. व्हॅलेंटिन गोन्झालेझ हे त्याचे नाव. पण लोक त्याला 'एल कांपेसिनो', म्हणजे 'शेतकरी', म्हणूनच ओळखत. १९३६ साली फ्रँकोने बंड केले तेव्हा स्वयंसेवकांच्या तुकड्या घेऊन तो लढला आणि पुढे ४६ व्या डिव्हिजनचा प्रमुख झाला.

माद्रिदच्या गेलॉर्ड हॉटेलात रशियन मंडळींचा राबता असे. हा 'शेतकरी' मुळी शेतकरी नव्हेच, असे जॉर्डनला तेथे कळते. कादंबरीनुसार तो परदेशी पलटणीतून पळालेला सार्जंट; मोरोक्कोत अब्द अल-करीमच्या बाजूने लढलेला. युद्धाला शेतकरी पुढारी तातडीने हवा होता. खरा पुढे येईपर्यंत थांबण्यास सवड नव्हती, आणि आलाच तर तो पाब्लोसारखा निघण्याची धास्ती होती. म्हणून एक घडवण्यात आला. हे असत्य जॉर्डनला खुपते, तरी युद्ध जिंकण्यासाठी तो ते पत्करतो.

हा पाब्लो कोण? जॉर्डनला ज्या टोळीची मदत घ्यायची आहे, तिचा नायक. तो पुढे दगा देतो, हे खरे. परंतु पूल उडवला की या डोंगरात आपल्याला थारा उरणार नाही, हा त्याचा हिशेब खोटा नव्हता. खरा शेतकरी पुढारी असा गैरसोयीचा असतो. तो अडून बसतो, प्रश्न विचारतो. तसबिरीतला शेतकरी प्रश्न विचारीत नाही.

पण तसबीर झालेल्या माणसाचे पुढे काय होते? १९३९ च्या पराभवानंतर एल कांपेसिनोने सोव्हिएत संघात आश्रय घेतला. तेथे तो प्रथम फ्रुंझे लष्करी अकादमीत होता. वरिष्ठांशी बिनसल्यावर मॉस्कोच्या भुयारी रेल्वेच्या कामावर मजूर झाला, आणि अखेरीस व्होर्कुताच्या श्रमछावणीत पोहोचला. १९४९ साली तो इराणात निसटला. तो निष्कलंक होता असे मी म्हणत नाही. १९३८ साली तेरुएल येथे त्याने आपल्या सैनिकांना वाऱ्यावर सोडले, असा आरोप त्याचाच सहकारी लिस्टर याने केला होता. तथापि ज्यांनी त्याला वीर म्हणून मिरवले, त्यांच्याच छावणीत तो कैदी झाला. कादंबरीतील कारकोव्ह ज्याच्यावरून रंगवला आहे, त्या पत्रकार मिखाईल कोल्त्सोव्हला तर ही कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी मॉस्कोत गोळी घालण्यात आली.

अमेरिकेतील साम्यवादी पत्रांनी तेव्हा हेमिंग्वेवर निंदेचा आरोप केला. परंतु त्याने प्रजासत्ताकासाठी निधी जमवला होता, १९३७ च्या 'द स्पॅनिश अर्थ' या माहितीपटाला साहाय्य केले होते. जॉर्डनही सारे कळून चुकल्यावर आपली जागा सोडीत नाही. शत्रूची निंदा आणि सोबत्याने सांगितलेले सत्य यांतील भेद ओळखणे, हीच कार्यकर्त्याची पहिली राजकीय शिकवण होय. सोयीसाठी पुढारी घडवणारी चळवळ, सोय सरताच त्याला मोडायलाही कचरत नाही. आपल्या व्यासपीठावरचा शेतकरी खरा आहे का, आणि खरा असल्यास त्याला बोलू दिले जाते का, हे आपण अधूनमधून तपासून पाहिले पाहिजे.