‘वाडवडील’ या शब्दाविषयीं



या महोत्सवांत वाडवडिलांचें स्मरण करावें, असें अनेक वक्त्यांनीं सांगितलें. तें योग्यच आहे. परंतु हे वाडवडील म्हणजे नेमके कोण? शब्दाच्या पोटांत शिरून पाहूं.

‘पूर्वज’ म्हणजे पूर्वीं जन्मलेला. संस्कृतांत थोरल्या भावासही हाच शब्द लावीत. ‘पितर’ हा ‘पितृ’पासून आला, आणि लॅटिनमधील ‘पातेर’ हा त्याचा सख्खा भाऊ. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वीं (१९६२-६५) आपलीं वृद्ध माणसें मिस्सेंत ‘पातेर नोस्तेर’ ऐकत, तेव्हां भाद्रपदांतल्या पितरांचेंच नातलग नांव त्यांच्या कानीं पडत असे!

आम्हांस मात्र ‘वाडवडील’ अधिक प्रिय आहे. जुन्या मराठींत ‘वाड’ म्हणजे मोठा. ‘वडील’ हाही मोठेपणाचाच शब्द. म्हणून वडील केवळ जन्मदाता नव्हे. वडील बंधु, वडील बहीण असें आपण म्हणतोंच, आणि वडिलार्जित शेत म्हणजे मागल्या पिढ्यांनीं मिळविलेलें. या शब्दांत वडिलकी आहे, धर्माची अट कोठेंही नाहीं.

हें सांगण्याचें कारण असें. कित्येकांच्या मनांत आपलें घराणें बाप्तिस्म्याच्या वहींतील पहिल्या नांवापासून सुरू होतें. त्या वहींत बाप्तिस्मा घेणारा, त्याचे मातापिता आणि धर्ममातापिता यांचीं नांवें असतात. बापाचा बाप तींत नसतो. मग तो आपला नव्हे काय? संत मत्तयानें प्रभूची वंशावळ दिली, तींत यरीहोची राहाब आणि मवाबी रूथ या परक्या कुळांतल्या स्त्रिया त्यानें आदरानें नोंदल्या. संत लूक तर थेट आदामापर्यंत मागें जातो. शुभवर्तमानानें ज्यांस वगळलें नाहीं, त्यांस आम्ही कां वगळावें? चवथ्या आज्ञेंत आईबापांचा मान राखण्यास सांगितलें आहे. त्यांचे आईबाप त्या मानाबाहेर राहात नाहींत.

जालना जिल्हा १९८१ सालचा; पण त्यांतलें जांब गांव समर्थ रामदासांचें, जन्म १६०८. त्यानंतर आठच वर्षांनीं, १६१६ सालीं, गोव्यांत राशोल येथें फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण छापलें गेलें. दोघांची भाषा मराठी. आपले त्या वेळचे वाडवडील यांपैकीं कोणासही न ओळखतां कोठें नांगर धरीत असतील, त्यांचीं नांवें मात्र आपणांपाशीं नाहींत.

खापरपणज्याचें नांव येथें किती जणांस ठाऊक आहे? आजीचें माहेर कोणत्या गांवचें? (पुरुषांचीं नांवें निदान सातबाऱ्यावर राहातात; बायकांचीं तेथेंही क्वचितच.) घरांत जें वृद्ध माणूस असेल, त्यास या आठवड्यांतच विचारावें. जीं नांवें मिळतील, तीं बाप्तिस्मा झालेलीं असोत वा नसोत, एका चिठ्ठीवर लिहून २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनापूर्वीं आपल्या धर्मगुरूंकडे द्यावीं.