मित्रांचा हिशेब
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण, वाचकांसाठी लिहून काढलेले)

स्नेहसंमेलनात मी जे बोललो ते स्मरणिकेसाठी लिहून द्यावे, असे मला सांगण्यात आले. विषय काही थोर नाही. खोलीचे भाडे, गॅस, किराणा आणि विजेचे बिल, एवढाच तो विषय. परंतु आपल्या शाळेतून बाहेर पडणारी कितीतरी मुले वर्षा-दोन वर्षांत कुठल्या तरी गावी चौघांत मिळून खोली घेऊन राहणार आहेत. तुमच्या घरातला मुलगाही त्यांत असेल. म्हणून हे चार शब्द.

२०१२ साली मी बी. एड.ला होतो आणि दापोडीला राहत होतो. मुळा आणि पवना या नद्यांचा संगम जिथे होतो तिथली ही वस्ती. एका अंगाला लष्कराचे अभियांत्रिकी महाविद्यालय, दुसऱ्या अंगाला एस. टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा, मधून पुणे-लोणावळा लोकल. पिंपरी, भोसरीचे कारखाने जवळ आणि पुणेही जवळ, म्हणून बाहेरगावच्या मुलांचा ओढा इकडे फार. आमच्या खोलीत चौघे होतो. एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारायचो : लातूरकर, उदगीरकर, बीडकर आणि मी परांडेकर. तिघे कारखान्यांत कंत्राटावर, मी एकटा शिकणारा.

रात्री जेवण झाले की गप्पा भाड्यावरच यायच्या. अमक्या गल्लीत काय भाडे आहे, तमक्या घरमालकाने अनामत किती मागितली, पाण्याचे वेगळे घेतो का. दापोडीला मेट्रोचे स्टेशन १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाले. आता तिथल्या मुलांना भेटलो तर गप्पांत मेट्रोची भर पडलेली दिसते, बाकी बोलणे तेच.

आमच्या खोलीची अनामत वीस हजार रुपये होती. प्रत्येकाने पाच हजार द्यायचे. बीडकराजवळ त्या वेळी एकच हजार निघाले. उरलेले चार हजार उदगीरकराने घातले. बीडकर म्हणाला, "तुझ्या वाट्याचा किराणा मी भरत जाईन, फिटेल." उदगीरकर म्हणाला, "चालेल."

त्या रात्री लातूरकराने मला सुचवले, "मास्तर, तू शिकलेला. एक वही घाल." मी हसून म्हणालो, "अरे, यारों में हिशेब कैसा?" हे वाक्य माझे होते. ते मी विसरलेलो नाही.

पुढच्या एप्रिलात बीडकराचे कंत्राट संपले. कारखान्याने सात महिन्यांनी 'ब्रेक' दिला. तो गावी जाणार होता आणि आपली अनामत मागत होता. उदगीरकर चेष्टेने म्हणाला, "आधी माझे चार हजार दे." बीडकर म्हणाला, "ते किराण्यात फिटले की." उदगीरकराने विचारले, "कधी? किराण्याऐवजी दूध-भाजी तर मीच आणत होतो." मग चेष्टा उरली नाही. बीडकराने माझ्याकडे पाहिले. मी पुस्तकात पाहिले. मला खरोखरच आठवत नव्हते आणि दोघांपैकी एकाला खोटे पाडण्याचे धैर्य नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो निघून गेला. अनामत मागितली नाही. तो मुक्त विद्यापीठातून बी. ए. करीत होता. मे महिन्यात त्याची परीक्षा होती आणि केंद्र पुण्यात होते. त्याची पुस्तके फळीवर तशीच राहिली. परीक्षेला तो आला नाही.

जूनमध्ये आम्हीही खोली सोडली. किराणा दुकानदाराचे खाते मिटवायला गेलो, तेव्हा त्याने वही उघडली. पाच महिने बीडकराच्या नावापुढे आठशेऐवजी सोळाशे रुपये जमा होते. पाच आठे चाळीस. चार हजार पुरे फिटले होते. उदगीरकर तिथेच पायरीवर बसला. फोन लावला तर नंबर बंद. पुढे त्याने बीडकरापर्यंत पैसे पोचवले की नाही हे मला ठाऊक नाही. परीक्षा मात्र कोणालाच पोचवता आली नाही.

वाचकहो, या गोष्टीत लबाड कोणी नव्हता, हे लक्षात घ्या. एकाने किराणा भरला, दुसऱ्याने दूध-भाजी आणली आणि दोघांनीही आपण दिलेलेच लक्षात ठेवले. फारसीत म्हण आहे, हिसाबे दोस्तां दर दिल. म्हणजे मित्रांचा हिशेब मनात. म्हण गोड आहे. पण मनाच्या वहीत जमेची बाजू आपली असते आणि खर्चाची दुसऱ्याची. शिवाय वहीतले खोडता येते, मनातले खोडता येत नाही.

लिहून ठेवणे म्हणजे अविश्वास, हा आपला गैरसमज आहे. कुरआनातील सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, २८२) देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. आपली मराठी पाहा. हिशेब, करार, रक्कम हे शब्द अरबीतून आले आणि 'अनामत' म्हणजे मूळची 'अमानत'. विश्वासाने सोपवलेली ठेव. ती कोणाची किती, हे लिहिणे हा त्या विश्वासाचाच भाग आहे.

आता कामाचे सांगतो.

पहिली गोष्ट घरमालकाशी. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे खोल्याखोल्यांतून सांगितले जाते. ते महाराष्ट्रात खरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा; तो ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदवलेला करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. करारात चौघांचीही नावे घाला. भाड्याची पावती मागा. पावती मागणे हा उद्धटपणा नव्हे, ती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

दुसरी गोष्ट आपसांतली. भाडे आणि अनामत डोक्यावर वाटा; जेवण हजेरीवर वाटा. कोणी सुट्टीवर जातो, कोणाची रात्रपाळी असते. समजा, महिन्याचा जेवणखर्च सहा हजार झाला. चौघांची हजेरी अनुक्रमे ३०, ३०, २४ आणि १६ दिवस, म्हणजे एकूण १०० दिवस. एका दिवसाचे साठ रुपये पडले. तर १८००, १८००, १४४० आणि ९६० असे वाटे झाले. सातवीच्या मुलालाही जमेल असे हे गणित. भागीदारीची उदाहरणे आम्ही फळ्यावर सोडवून घेतो. त्यांतले व्यापारी भांडवल गुंतवतात, नफा वाटून घेतात. पण त्यांतला एखादा खोली सोडून गावी निघाला तर काय करायचे, हे आम्ही शिकवत नाही.

म्हणून तिसरी गोष्ट : जाणाऱ्याचे आधी ठरवा. किती दिवस अगोदर सांगायचे, त्याची अनामत कोण देणार, रंगाचे आणि बिलाचे पैसे मालकाने कापले तर ते कोणाच्या वाट्यातून जाणार. हे खोलीत शिरण्याच्या दिवशी ठरते तेव्हा हसत ठरते. निघण्याच्या दिवशी ठरवायला गेलात तर भांडण होते.

हल्ली मुले म्हणतात, "सर, सगळे मोबाईलवरून देतो, नोंद आपोआप होते." कोणी कोणाला किती दिले, ते मोबाईल सांगतो. कशाबद्दल दिले, ते सांगत नाही. आमचे भांडण त्या 'कशाबद्दल'वरूनच झाले. तेव्हा चाळीस पानी वही घ्या, भिंतीला खिळ्यावर टांगा आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी चौघांनी तिच्यावर सह्या करा.

आपल्याकडे दुसरीही एक म्हण आहे : हिसाब जौ-जौ, बख्शिश सौ-सौ. हिशेब जवाच्या दाण्याइतका चोख आणि देणे मात्र शंभर हातांनी. मित्र अडला असेल तर त्याचे चार हजार सोडून द्या, जरूर सोडा. पण आधी ते वहीत लिहा, मग सोडा. म्हणजे तुम्ही सोडलेत हे तुम्हालाही कळेल आणि त्याने फेडले असतील तर तेही कळेल.

बीडकराची पुस्तके माझ्याकडे आहेत. वर्गातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तुकडीला मी ती दाखवतो आणि एक कोरी वही हातात देतो. तुमच्या घरातला मुलगा नोकरीसाठी निघेल तेव्हा त्याच्या पेटीत कपड्यांबरोबर तेवढी एक वही घाला, ही विनंती.

— एक शिक्षक, बी. ए., बी. एड.