गोंडालचा इतिहास कुणी लिहिला?

जून 1826 मध्ये यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावचे पाद्री पॅट्रिक ब्रॉन्टे यांनी लीड्सहून मुलासाठी, ब्रॅनवेलसाठी, बारा लाकडी शिपाई आणले. त्याची बहीण शार्लट हिने त्यातला एक उचलून त्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टन केले. ब्रॅनवेलने दुसऱ्याला बोनापार्ट. पुढे शिपायांना राज्ये मिळाली, आणि राज्ये आली म्हणजे इतिहासकार आलेच.

शार्लट-ब्रॅनवेलच्या ग्लास टाउन आणि अँग्रिया या काल्पनिक राज्यांत हे इतिहासकार एकमेकांवर उट्टे काढतात. कॅप्टन ट्री आणि लॉर्ड चार्ल्स वेलस्ली ही शार्लटचीच दोन सोंगे, पण त्यांचे आपसात हाडवैर. 1833 च्या ‘द ग्रीन ड्वार्फ’मध्ये गोष्ट संपता संपता चार्ल्स ठोकून देतो, की यातला खलनायक अँड्र्यू पुढे कॅप्टन ट्री झाला! वर्षभरात ‘द स्पेल’मध्ये हाच चार्ल्स सख्ख्या भावाची गुपिते चव्हाट्यावर आणतो. बखर कुणाच्या आश्रयाने लिहिली गेली हे आधी पाहावे, ही खोड मराठी वाचकाला असते. शार्लटला ती सतराव्या वर्षीच लागलेली दिसते.

धाकट्या बहिणी एमिली आणि ॲन यांनी वेगळी चूल मांडली. उत्तर पॅसिफिकमधले गोंडाल बेट आणि दक्षिणेकडे नव्याने सापडलेले गाल्डाइन. ॲनने तर भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात खऱ्या गावांच्या यादीत ही नावे घुसडली. जुलै 1845 च्या टिपणात एमिली लिहिते, की ती गोंडालच्या पहिल्या युद्धांवर ग्रंथ लिहिते आहे आणि ॲन हेन्री सोफोना या नावाने एक पुस्तक.

यातले काहीच उरलेले नाही. गोंडालचे सगळे गद्य नाहीसे झाले. बहिणींच्या मृत्यूनंतर शार्लटने ते नष्ट केले असावे असा तर्क केला जातो, पुरावा नाही.

कविता राहिल्या, पण त्यांचीही काटछाट झाली. प्रियकराच्या थडग्याशी बोलणाऱ्या एमिलीच्या एका कवितेत मुळात आर. अल्कोना ही बाई ज्यूलियस ब्रेन्झाइडाला उद्देशून बोलते. बहिणींच्या 1846 च्या कवितासंग्रहात ही नावे गेली, ‘अँगोरा’चा किनारा नुसता उत्तरेकडचा किनारा झाला, आणि वाचक खुद्द एमिलीचा प्रियकर शोधत बसले.

1955 मध्ये अभ्यासक फॅनी रॅचफर्ड यांनी उरल्यासुरल्या कवितांतून गोंडालची सलग कथा उभी केली. त्यासाठी ऑगस्टा, रोझिना आणि जेराल्डीन या तिन्ही एकच राणी, असे त्यांनी धरले. कथा देखणी झाली. जरा जास्तच देखणी. तीन वर्षांनी डब्ल्यू. डी. पेडन यांनी तेच तुकडे वेगळे जुळवून दाखवले.

दोघांच्याही हाताशी मुळात गोंडालमधल्या एकाच गोटातले कागद होते का, हा प्रश्न त्याहून अवघड. 1845 च्या उन्हाळ्यात यॉर्कच्या प्रवासात दोघी बहिणी गोंडालची पात्रे होऊन खेळत गेल्या, तेव्हा त्या राजपक्षाला मिळायला पळालेल्यांची सोंगे घेत होत्या. त्या घटकेला युद्धात सरशी मात्र प्रजासत्ताकवाद्यांची चालली होती, असे एमिलीच सांगते.