पुरानंतरचा केसपेपर



पुरातून बाहेर काढलेला माणूस निवारा केंद्रात डॉक्टरांसमोर बसतो. डॉक्टर विचारतात, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" तो म्हणतो, "सकाळी एक पांढरी आणि रात्री अर्धी लाल." एवढंच त्याला ठाऊक असतं. ती अर्धी गोळी रक्त पातळ करणारी असेल, तर तिच्यासोबत भलतंच औषध दिलं गेलं की जिवावर बेततं. फाइल घरात आहे, घर पाण्यात आहे आणि नेहमीचा दवाखानाही पाण्यातच आहे.

२००५ साली २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते आपण विसरलेलो नाही. त्यानंतर महिन्याभराने, २९ ऑगस्टला, अमेरिकेत कॅटरिना वादळ धडकलं. बांध फुटले आणि न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग बुडाला. माणसं राज्याराज्यांत पांगली. असंख्य कागदी केसपेपरांचा लगदा झाला. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयातल्या नोंदी मात्र संगणकावर होत्या. त्यांच्या बॅकअपच्या टेप ह्यूस्टनला नेल्या गेल्या आणि काही दिवसांतच सुमारे ५०,००० रुग्णांची माहिती दुसऱ्या गावांतल्या डॉक्टरांना दिसू लागली. इतरांसाठी औषध दुकानांच्या संगणकांतल्या नोंदी एकत्र करून एक सेवा उभारली गेली. चांगलंच काम होतं ते, पण ती सुरू व्हायला तीन आठवड्यांहून अधिक काळ गेला. इन्सुलिनवरच्या माणसाने तीन आठवडे काय करायचं? माहिती होती, ती कोणी, कोणाला, कशी द्यायची हे आधी ठरलेलं नव्हतं.

मिसुरी राज्यातल्या जॉप्लिनची गोष्ट वेगळी. २२ मे २०११ ला टॉर्नेडोने तिथलं सेंट जॉन्स रुग्णालय मोडून टाकलं. दीड तासात १८३ रुग्ण बाहेर काढले. एक्स-रे आणि कागद उडून शंभर किलोमीटरपलीकडे सापडले. पण त्याच महिन्याच्या १ तारखेला रुग्णालय संगणकीय नोंदींवर गेलं होतं आणि त्या नोंदी दुसऱ्या गावातल्या केंद्रात सुरक्षित होत्या. इमारत गेली तरी रुग्णांचा इतिहास हाती राहिला.

आपल्याकडे २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाड बुडालं. २०२१ च्या सप्टेंबरात आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, 'आभा' हे आरोग्य ओळख क्रमांक आले. मला ही योजना मोलाची वाटते, म्हणूनच एक गोष्ट आग्रहाने सांगतो. 'आभा'मुळे आपल्या नोंदी दिल्लीत जाऊन बसत नाहीत. त्या जिथे तयार झाल्या त्या रुग्णालयाकडेच, त्यांच्या व्यवस्थेत राहतात. त्या रुग्णालयाचा सर्व्हर तळमजल्यावर असेल आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात, तर पाणी दोन्ही एकदमच नेणार. प्रत नदीच्या खोऱ्याबाहेर हवी, जनरेटर पुराच्या रेषेच्या वर हवा आणि पावसाळ्यापूर्वी ती प्रत एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायला हवी. न उघडलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवणार नाही.

तरीही वीज जाते, मोबाइलचे टॉवर बंद पडतात. अशा वेळी दूरच्या सर्व्हरवरची नोंद सुरक्षित असूनही हाताशी नसते. म्हणून पुराचा इशारा मिळताच रुग्णालयांनी डायलिसिस, केमोथेरपी, इन्सुलिनवरचे रुग्ण आणि दिवस भरत आलेल्या गरोदर बाया यांचा एकपानी गोषवारा छापून काढावा. आजार, औषधं आणि मात्रा, ॲलर्जी, शेवटचा उपचार कधी झाला, इतकं पुरे. आपणही पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे तो कागद मागा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा आणि त्याचा फोटो दुसऱ्या गावच्या एखाद्या जवळच्या नातेवाइकाला आजच पाठवा.