वर्तुळांचा मोह : ग्रहगती आणि व्यापारचक्रे

मंगळ तारकांमधून पूर्वेकडे सरकतो, मध्येच थबकतो, काही आठवडे मागे जातो आणि पुन्हा पूर्वेकडे वळतो. यालाच पंचांगात ग्रह वक्री होणे म्हणतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने याचा उलगडा वर्तुळांनी केला. पृथ्वीभोवती एक मोठे वर्तुळ, त्याच्या परिघावरून फिरणारे लहान अधिवृत्त, आणि त्या अधिवृत्तावर ग्रह. आर्यभटानेही इ. स. ४९९ च्या सुमारास मंद व शीघ्र अशा वृत्तांच्या आधारे ग्रहस्थाने काढली. ही गणिते उपयोगी होती. शतकानुशतके त्यांवर पंचांगे चालली. परंतु आकडे जुळणे वेगळे आणि कारण कळणे वेगळे. १६०९ मध्ये केप्लरने मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे दाखविले, तेव्हा अधिवृत्तांची गरजच उरली नाही.

बाजारातही मनुष्याने चक्रे शोधली. क्लेमां झ्युग्लार या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये बँकांचे आकडे तपासून सांगितले की, मंदीचे मूळ तेजीतच असते. नफ्याच्या आशेने कर्ज वाढते, कारखाने वाढतात, माल साचतो. मग बँका हात आखडता घेतात, भाव कोसळतात आणि मजूर बेकार होतात. साठे संपले, की व्यवहार पुन्हा हळूहळू सुरू होतो.

इंग्लंडच्या जेव्हन्सला एवढ्याने समाधान नव्हते. १८७८ मध्ये त्याने मांडले की, व्यापारी संकटे सरासरी १०.४६६ वर्षांनी येतात आणि सूर्यावरील डागांचे चक्र १०.४५ वर्षांचे आहे. सूर्याचे तेज बदलले, की भारतातील पीक बदलते; पीक बुडाले, की येथील शेतकरी इंग्रजी कापड घेत नाही, असा त्याचा तर्क होता. हा मेळ बसविताना त्याने अठराव्या शतकातील काही संकटे तुटपुंज्या पुराव्यावर मोजली होती. सौरचक्राची सरासरी सुमारे अकरा वर्षे ठरली आणि सिद्धान्त ढासळला.

पुढे १९२७ मध्ये रशियाच्या स्लुत्स्कीने सोडतीच्या यादृच्छिक आकड्यांच्या बेरजा करून दाखविल्या. त्यांतूनही व्यापारचक्रासारख्याच लाटा उमटल्या! तरीही १९३९ मध्ये शुंपेटरने सुमारे चाळीस महिन्यांचे, नऊ-दहा वर्षांचे आणि पन्नास-साठ वर्षांचे अशी तीन चक्रे एकमेकांवर रचली. टॉलेमीची अधिवृत्ते येथे सहज आठवतात.

हा केवळ विद्वानांचा वाद नव्हे. जेव्हन्स लिहीत होता, त्याच सुमारास, १८७६ ते १८७८ या काळात, मुंबई व मद्रास इलाख्यांत दुष्काळाने लक्षावधी माणसे मेली. पाऊस पडला नाही हे खरे. पण त्याच वर्षांत भारतातून धान्य परदेशी जातच होते. अरिष्टाचे मूळ सूर्यात आहे, असे एकदा मानले, की कोठाराच्या किल्ल्या कोणाच्या हाती होत्या, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. ग्रहांना आपला मार्ग बदलता येत नाही. कर्ज, मजुरी आणि धान्याचा व्यापार मात्र माणसांच्या निर्णयांवर चालतात, आणि माणसांना आपले निर्णय बदलता येतात.