छोट्या आगगाडीचे डबे आणि त्यांचें एंजिन

स्टेशनांत आगगाडी शिरूं लागली म्हणजे लहानथोर सर्वांची नजर प्रथम एंजिनाकडे जाते. डब्यांकडे लक्ष जातें तें केवळ जागा मिळविण्यापुरतें. खेळण्यांतल्या आगगाडीचेंहि तसेंच आहे. दुकानांत मूल बोट दाखवितें तें एंजिनाला. मागचे दोनतीन डबे पेटींतून आपोआप आलेले असतात. परंतु ज्यांचा हा नाद बाळपणाबरोबर संपला नाहीं, केस पिकल्यावरहि जे घरांतल्या एखाद्या खोलींत फळ्यांवर रूळ मांडून बसतात, त्यांना केव्हांना केव्हां एक गोष्ट कळून चुकते. गाडी खरी वाटते कीं खोटी, हें एंजिनावर फारसें अवलंबून नाहीं. तें डब्यांवर ठरतें.

हा छंद मूळचा युरोपांतला. जर्मनींतील मेर्क्लिन कंपनीनें १८९१ सालीं लाइप्झिगच्या जत्रेंत ठराविक रुंदीचे रूळ आणि त्यांवर धांवणाऱ्या गाड्या मांडल्या, व तेव्हांपासून आज चार रूळ, उद्यां एक डबा, अशी आपली रेल्वे वाढवीत नेण्याची सोय झाली. इंग्लंडांत बॅसेट-लोक यांनीं नॉर्दॅम्प्टन येथें १८९९ पासून हा धंदा मांडला. ‘मेकॅनो’चे जनक फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या कारखान्यानें १९२० मध्यें किल्लीच्या गाड्या आणि १९३८ मध्यें त्यांच्या सुमारें निम्म्या आकाराच्या ‘डब्लो’ गाड्या विकावयास काढल्या. त्या आरंभींच्या स्वस्त गाड्यांत डबा म्हणजे चार चाकांवरची एक पत्र्याची पेटी. खिडक्या रंगविलेल्या, दारें रंगविलेलीं. पेटी एकच, रंग मात्र गिऱ्हाईक मागेल त्या रेल्वे कंपनीचा. मुलांना तेवढें पुरत असे, व पुरावें हेंच योग्य होतें.

पुढें प्रमाणाचा विचार आला. इंग्लंडांत रुळलेलें प्रमाण असें कीं, खऱ्या गाडीच्या एका फुटास चार मिलिमीटर. म्हणजे साठ फुटांचा डबा दोनशें चाळीस मिलिमीटर लांब झाला पाहिजे. तसे बारा डबे एकामागें एक जोडले तर नऊ फुटांहून अधिक लांबी होते, आणि एंजिन वेगळेंच! सामान्य माणसाच्या घरांत एवढ्या गाडीला वळावयास जागा नसते. म्हणून पुष्कळजण पांचसहा डब्यांवर समाधान मानतात. त्यांत कमीपणा नाहीं. मात्र ते पांचसहा कोणते घ्यावे, येथेंच खऱ्या जाणत्याची परीक्षा होते. गार्डाचा डबा टोकाला, भोजनाचा डबा मध्यें आणि पहिल्या वर्गाचा त्याला लागून असला, म्हणजे सहा डब्यांतहि बारा डब्यांच्या गाडीचा आभास होतो. पांचहि डबे एकाच सांच्याचे घेतले तर मात्र ती गाडी न राहतां दुकानांतली मांडणी होते.

आतां काळाची गोष्ट. इंग्लंडांतील शंभरावर रेल्वे कंपन्यांचें १ जानेवारी १९२३ रोजीं चार मोठ्या कंपन्यांत एकीकरण झालें, आणि १ जानेवारी १९४८ रोजीं त्या चारी सरकारच्या मालकीच्या झाल्या. ह्या दोन तारखा ह्या छंदांतल्या माणसाला आपल्या जन्मतिथीसारख्या पाठ असतात. त्यांखेरीज रंगांचा इतिहास आहेच. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे डबे खालीं चॉकलेटी व वर सायीच्या रंगाचे अशी साऱ्या जगाची समजूत आहे. पण त्याच कंपनीनें १९०८ मध्यें ते नुसते तपकिरी केले, १९१२ मध्यें किरमिजी केले, आणि १९२२ मध्यें ती पुन्हां जुन्या दुरंगी पोशाखाकडे वळली. लंडन मिडलंड ॲण्ड स्कॉटिश कंपनीनें जुन्या मिडलंडचा किरमिजी रंग उचलला. लंडन ॲण्ड नॉर्थ ईस्टर्नचे डबे सागवानी लांकडाचे व नुसते रोगण दिलेले असत; एंजिन हिरवें आणि मागें मधासारखा पिवळसर तपकिरी रंग. सरकारी रेल्वेनें १९४९ पासून किरमिजी-सायीचा, १९५६ पासून तांबूस तपकिरी व १९६५ पासून निळा-करडा रंग चालविला.

एवढी सनावळी पाठ झाली कीं नवशिक्या संग्राहक मोठा कडक होतो. १९२३ चें एंजिन, तर डबेहि १९२३ चे, रंगहि १९२३ चा! पुस्तकांत पाहून तो गाडी जुळवितो, सर्व कांहीं एका वर्षाचें, सर्व कांहीं नुकतेंच धुऊन पुसून काढल्यासारखें. आणि तरीहि ती गाडी खोटी दिसते. ह्याचें कारण असें कीं, खरी आगगाडी अशी एका दिवसांत जन्मास येतच नाहीं. डबा तीस-चाळीस वर्षें चालतो. तो नवा असतांना डाकगाडीला लागतो. त्याहून चांगला डबा निघाला कीं साध्या उतारूगाडीला उतरतो. अखेरीस एखाद्या आडबाजूच्या फांट्यावर दोन डब्यांच्या गाडींत त्याचें म्हातारपण जातें. नवा रंग ठरला म्हणून दुसऱ्या दिवशीं सगळे डबे रंगत नाहींत. ज्याची त्याची कारखान्यांत जाण्याची पाळी येईल तेव्हां तो रंगावयाचा. त्यामुळें १९२४ सालची एखादी गाडी पाहिली तर तींत बुडालेल्या कंपनीच्या रंगाचा डबा नव्या कंपनीच्या डब्याला खांदा लावून उभा दिसे. गाडींतले सगळे डबे एका रंगाचे असणें हाच त्या काळीं अपवाद होता, आणि तो मान बहुधा नांवाजलेल्या गाड्यांना मिळे.

ह्याचें सर्वांत ठळक उदाहरण ३ जुलै १९३८ चें. त्या दिवशीं ‘मॅलर्ड’ नांवाच्या एंजिनानें वाफेच्या एंजिनाचा जागतिक वेगविक्रम केला: ताशीं १२६ मैल. एंजिन त्याच वर्षाच्या मार्चमध्यें तयार झालेलें, निळें, पुढून उतरत्या नाकाचें. मागचे सहा डबे ‘कॉरोनेशन’ ह्या १९३७ मध्यें सुरूं झालेल्या गाडीचे, दोन निळ्या छटांचे. परंतु एंजिन व हे सहा डबे ह्यांच्या मध्यें आणखी एक डबा होता. एंजिनाची ओढ व वेग कागदाच्या गुंडाळीवर टिपून घेणारा तो मापनाचा डबा नॉर्थ ईस्टर्न रेल्वेनें १९०६ सालीं बांधलेला होता! जगांतल्या सर्वांत वेगवान वाफेच्या गाडींत बत्तीस वर्षांचा सागवानी डबा. एखाद्यानें फळीवर अशी गाडी चालविली तर न जाणणारा पाहुणा हंसेल, आणि जाणणारा टोपी काढील.

उलट बाजूचेंहि उदाहरण घेण्यासारखें आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रीजिसचा फांटा इतका वळणांचा होता कीं, बहुतेक एंजिनें तेथें चालेनात. म्हणून ॲडम्स ह्यांच्या रचनेचीं, १८८५ च्या सुमारास बांधलेलीं तीन एंजिनें तेथें १९६१ पर्यंत कामावर ठेवावीं लागलीं. एंजिनाला पाऊणशें वर्षें झालेलीं, आणि मागचे डबे त्याच्याहून चाळीस ते साठ वर्षांनीं धाकटे. नातवंडांना बोटाला धरून बाजारांत नेणाऱ्या आजोबांचेंच तें चित्र! त्यांतलें एक एंजिन ससेक्समधील ब्लूबेल रेल्वेनें जतन केलें आहे, आणि त्याच्या चार मिलिमीटरी प्रतिकृतीहि निघाल्या आहेत. अशा प्रतिकृतीला व्हिक्टोरिया राणीच्या काळचेच डबे लावले पाहिजेत असें नाहीं. लाइम रीजिस दाखवावयाचें असेल तर ते लावणें हीच चूक.

मग अमुक एंजिनामागें अमुक डबा चालेल कीं नाहीं, हें ठरवावें कसें? नुसती बांधणीची तारीख पाहून भागत नाहीं. कोणत्या ठिकाणीं, कोणत्या वर्षीं, कोणत्या गाडीला तो लागत होता, हें शोधावें लागतें. कंपन्या डब्यांच्या फेऱ्यांच्या छापील पुस्तिका काढीत. त्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळें. त्या नसल्या तर छायाचित्रें. तेथेंहि सावधपण हवें. एंजिनाच्या तोंडासमोर उभें राहून चित्र घेण्याची छायाचित्रकारांची खोड असल्यामुळें डबे धुरांत आणि दूर लहान होत गेलेले सांपडतात. शिवाय जुन्या कांचांवर तांबडा रंग जवळजवळ काळाच उमटे. म्हणून संग्राहक रंग सोडून छपराकडे पाहतो: छपरावर दुसरें अरुंद छप्पर व त्याला बारीक काचा असल्या तर डबा बहुधा पहिल्या महायुद्धापूर्वींचा. मग खिडक्यांची उंची, मग खालचीं चाकें चार, सहा कीं आठ. एका चित्रावर संध्याकाळ जाते.

येथें आपल्याकडची एक गाडी सहज आठवते. दख्खनची राणी १ जून १९३० रोजीं मुंबई व पुणें ह्यांच्या दरम्यान सुरूं झाली. तिच्या दोन गाड्या होत्या, प्रत्येकी सात डब्यांच्या. एक रुपेरी व शेंदरी पट्ट्यांची, दुसरी गडद निळी व सोनेरी रेघांची. डब्यांचे सांगाडे इंग्लंडांत झाले आणि वरचा भाग माटुंग्याच्या कारखान्यांत. हौसेनें तिची प्रतिकृति करणारा तिच्यापुढें धुराचें एंजिन जोडील, कारण ‘जुनी गाडी’ म्हटली कीं धूर डोळ्यांपुढें येतो. पण ही राणी पहिल्या दिवसापासून विजेच्या एंजिनामागून चालली. सातांऐवजीं बारा डबे जोडणें हीहि तशीच चूक. जुने डबे १९६६ मध्यें बदलले, तेव्हां ती बारा डब्यांची झाली. पुण्यांत कोथरुडला जोशी ह्यांचें छोट्या रेल्वेचें संग्रहालय १९९८ पासून आहे. तेथें मुलें काचेला नाक लावून उभीं राहतात, त्यांच्यामागें आजोबाहि उभे असतात.

संग्रह करणें आणि गाडी चालविणें ह्या दोहोंचें मात्र पुरतें जमत नाहीं. पत्र्याचा जुना हॉर्नबी डबा आपल्या काळाला जुळावा म्हणून कोणी त्याला नवा रंग चढविला, तर गाडी साधते आणि डबा बुडतो. कारखान्यांतला तो मूळ छाप पुन्हां येत नाहीं. हें पाप हौसेच्या भरांत पुष्कळांकडून झालें आहे. उलट, पेटींतून बाहेरच न काढणारे लोकहि आहेत. त्यांच्या डब्यांचीं चाकें कधीं फिरलींच नाहींत. त्यांनाहि काळ सोडीत नाहीं. महायुद्धापूर्वीं ओतलेल्या जस्ताच्या कांहीं भागांत शिशाची भेसळ राहून गेली होती. अशीं चाकें न वापरतांहि आंतून फुगतात, तडकतात, आणि एके दिवशीं पेटी उघडावी तों मातीसारखा चुरा! तेथें जुना डबा तसाच ठेवून त्याला नवीं चाकें बसवावीं आणि जुनीं चिठ्ठी लावून जपून ठेवावीं, हा मध्यम मार्ग त्यांतल्या त्यांत बरा.

खऱ्या डब्यांची गत ह्याहून वाईट झाली. नामांकित एंजिनें वांचविण्यास माणसें धांवलीं. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ १९६३ मध्यें ॲलन पेग्लर ह्यांनीं विकत घेतलें व त्याला पुन्हां पूर्वींचा हिरवा रंग दिला. त्याच्या जोडीचे सागवानी डबे मोडींत निघत होते. जुन्या डब्यांच्या पेट्या कोणी शेतावर नेल्या, कोणी त्यांत कोंबड्या पाळल्या, कोणी संसार थाटले. आज त्यांतल्याच कांहीं शोधून, खालीं नवा सांगाडा घालून, पुन्हां रुळांवर आणल्या जात आहेत. हिरव्या ‘स्कॉट्समन’मागें त्या दिवसांत सरकारी तांबूस तपकिरी डबेच लागत. म्हणून एखाद्या फळीवर ती विजोड जोडी धांवतांना दिसली, तर पाहुण्यानें घाई करूं नये. यजमानाला इतकेंच विचारावें कीं, आपल्या रेल्वेवर हें कोणतें साल? ‘१९६४’ असें उत्तर आलें तर गाडी बरोबर आहे.