पाठ टेकल्यावर काय करायचं?

(उल्हासनगर कॅम्प २ मध्ये वस्तीतल्या महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



ब्राझिलियन जुजुत्सू हे नाव ऐकून तुमच्यापैकी बऱ्याचजणी हसल्या. हसा. नाव परकं आहे, पण गोष्ट ओळखीची आहे. ही एक प्रकारची कुस्तीच. आपल्या कुस्तीत पाठ जमिनीला टेकली की पैलवान चीत, टाळ्या वाजल्या, संपलं. जुजुत्सूत मात्र पाठ टेकल्यावर पुढे काय करायचं, यावरच अर्धं शिक्षण असतं. बाईवर हात टाकणारा तिला मोकळ्या मैदानात उभं करून आव्हान देत नाही. तो तिला भिंतीशी दाबतो, केस धरतो, कॉटवर पाडतो, अंगावर बसतो. तिथे शिट्टी वाजवून त्याला बाजूला करायला पंच नसतो. मग तिथून पुढे काय? या प्रश्नाचं उत्तर मला या विद्येत थोडंफार सापडलं, म्हणून चाळिशीनंतर मी ती शिकायला लागले.

तिचा इतिहास थोडक्यात सांगते. मित्सुयो माएदा नावाचा जपानी ज्युदोपटू १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला. त्याच्याकडून ग्रेसी घराण्यातला कार्लोस शिकला, आणि कार्लोसचा धाकटा भाऊ हेलिओ याने त्यात आपले बदल केले. हेलिओ अंगाने किरकोळ. ताकद लावून समोरच्याला उचलणं त्याला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने तरफेवर भर दिला. मोठा दगड हलवायला आपण पहार लावतो ना, तसं. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला हेलिओचा मुलगा रॉयस याने एका रात्रीत तीन लढती जिंकल्या आणि जगभर या प्रकाराचं नाव झालं. मग गुण आले, वजनगट आले, पट्टे आले, पदकं आली. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्येही जुजुत्सू होतं.

खेळ म्हणून ते चांगलंच आहे. मुलींनी जरूर खेळावं, पदकं आणावीत. पण खेळात जे शहाणपणाचं असतं ते घरात किंवा रस्त्यावर घातक ठरू शकतं, हे क्लासमध्ये कोणी आपण होऊन सांगत नाही. स्पर्धेत खेळाडू मुद्दाम जमिनीवर बसते आणि प्रतिस्पर्ध्याला आपल्या पायांच्या कैचीत ओढते. तिथे ठोसे मारायची मुभा नाही, समोरची तिच्याच वजनाची, बाजूला दुसरं कोणी नाही. बाहेर तसं बसलात तर त्याचा ठोसा तोंडावर येतो, त्याचा मित्र मागून लाथ घालतो. मी ज्या ठिकाणी शिकायला जायचे तिथल्या गुरुजींना मी विचारलं, की याने हात उगारला तर? ते म्हणाले, नियमात बसत नाही. नियम त्याला कोण सांगणार, हे मी मनातच म्हटलं.

म्हणून आपल्या वर्गात आम्ही फार थोडे डाव घेतो आणि तेच पुन्हा पुन्हा करतो. पहिली गोष्ट अंतर. हाताच्या टप्प्यात उभी राहिलीस तर ठोसा बसतो. एक तर दोन हात लांब राहा, नाहीतर त्याला इतकी चिकट की त्याला हात फिरवायला जागा उरू नये. मनगट धरलं तर ओढाताण करायची नाही. त्याचा अंगठा आणि बोटं जिथे मिळतात, ती फट पकडीतली सगळ्यात कच्ची जागा, तिथून हात काढायचा. पोटावर बसला तर त्याचा एक हात छातीशी आवळून धरायचा, त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायाने अडकवायचा, कंबर जोरात वर उचलायची आणि त्याच खांद्यावरून कलंडायचं. आधाराला हातही नाही, पायही नाही, मग तो त्या बाजूला जातोच. कलंडला नाही तर कुशीवर वळायचं, कंबर मागे सरकवायची आणि दोघांच्या मधे गुडघा आणायचा. आणि शेवटी उठणं. एक हात मागे टेकलेला, दुसरा चेहऱ्यासमोर, नजर त्याच्यावर, पाय अंगाखालून मागे घेऊन उभं राहायचं. उठलं की दार.

त्याला हरवायचं, त्याचा हात मोडायचा, धडा शिकवायचा, यातलं काही शिकवत नाही. वीस-पंचवीस किलोने जड असलेल्या पुरुषाशी झुंजत राहिलं तर आपणच आधी दमतो. ताकदीला काही अर्थ नाही असं जाहिरातीत म्हणतात, ते खोटं आहे. तरफेने एक फट मिळते, काही क्षणांची. ती ओळखता आली पाहिजे.

एक दिवसाच्या शिबिरात हवेत ठोसे मारून हे येत नाही. जोडीदारणीने खरोखर धरावं लागतं, आधी हळू, मग जोर वाढवत. सराव आम्ही नेहमीच्या कपड्यांत करतो. साडीत पाय कसा अडकवायचा, ओढणी त्याच्या हातात गेली तर काय, गाऊन घातलेला असताना कसं उठायचं, हे प्रश्न स्पर्धेचा जाड पांढरा झगा घातलेल्याला पडत नाहीत. आणि या बराकींमधल्या खोल्या बघा. कॉट, कपाट, शिलाई मशीन यांतून उरते ती जागा किती? तेवढ्याच जागेत सराव करायचा. एका बाजूला भिंत आहे असं धरूनच.

अंगावर बसण्याचा सराव ज्या दिवशी पहिल्यांदा घेतला, त्या दिवशी वर्गातली हसाहशी एकदम थांबली. एकजण रडायला लागली, दुसरी उठून पाणी प्यायला गेली ती आलीच नाही. का, ते सांगायला नको. तेव्हापासून नियम असा, की जिला नको ती बाजूला बसून बघेल आणि तिला कोणी कारण विचारणार नाही. जुजुत्सूतली एक पद्धत मला या बाबतीत फार मोलाची वाटते. जोडीदारणीच्या अंगावर किंवा गादीवर हाताने दोनदा थोपटलं की तिने त्याच क्षणी सोडायचं. बोलायचं नाही, समजवायचं नाही, सोडायचं. आपण थांब म्हटलं आणि समोरचं माणूस थांबलं, हा अनुभव कित्येकींना इथे पहिल्यांदा येतो.

आता हल्ला करतो कोण? सरकारचीच आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते, की नोंदलेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. दीर, शेजारी, कारखान्यातला मुकादम, लग्नाचं वचन दिलेला. अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी गुंडाला धरून शिकवणारे वर्ग इथेच कमी पडतात. ओळखीच्या माणसावर ओरडताना आधी आपलीच जीभ अडते. काय म्हणतील? माझाच गैरसमज असेल का? कॅनडाच्या तीन विद्यापीठांत चार्लिन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा तासांचं प्रशिक्षण, त्यात हातापायांचा भाग थोडाच. बाकी वेळ धोका ओळखणं, मनातला संकोच मोडणं, ओळखीच्या माणसाला ठामपणे नाही म्हणणं. वर्षभरात बलात्कार झालेल्या मुलींचं प्रमाण प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के होतं, न घेतलेल्यांत ९.८ टक्के. त्या कॅनडातल्या कॉलेजच्या मुली होत्या, जीन्सच्या कारखान्यात धागे कापणाऱ्या बाया नव्हत्या, हे धरूनही मी म्हणेन की आवाजाचा सराव हाताच्या सरावाइतकाच हवा. आम्ही तो घेतो. शेजारपाजारचे तक्रार करतात, करू देत.

नवऱ्याच्या मारहाणीबद्दल एक गोष्ट कार्यकर्त्यांनी मनात ठेवावी. गळा धरणं ही साधी मारहाण नव्हे. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या तर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. हे वर्गात शिकवताना कळतं, म्हणूनच थोपटलं की लगेच सोडायचं. २००८ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं, की ज्या बाईचा गळा जोडीदाराने पूर्वी दाबला होता, तिचा त्याच्याच हातून खून होण्याचा धोका सातपटीहून जास्त होता. अंगावर वळ नसतो, ती स्वतःही सांगत नाही. तेव्हा केस लिहून घेताना ‘गळा दाबला होता का’ हे आपणच विचारायचं. आवाज घोगरा झाला, गिळताना दुखतंय, असं म्हणाली तर आधी दवाखाना. आणि अशा घरात तिला डाव शिकवून परत पाठवणं म्हणजे तिला तिच्या नशिबावर सोडणं. तिची राहायची सोय बघणं हे पहिलं काम.

कायद्याचं विचारतात. स्वतःचा बचाव करण्याचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिड हल्ला अशा प्रसंगी तो जीव घेण्यापर्यंत जातो, ते कलम ३८. पण बचावाला लागेल तेवढंच, आणि धोका असेल तोवरच. तो पळत सुटल्यावर मागून हाणलंत तर तो बचाव राहत नाही.

आता मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. कुठे काही घडलं की मागणी येते, मुलींना कराटे शिकवा. मार्च १९९० मध्ये याच उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेच्या खोलीत रिंकू पाटीलला जाळलं. ती पेपर लिहीत होती. तिला कोणता डाव यायला हवा होता? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेत अगदी लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, लोक रुळांवर उतरले. त्या वयाच्या पोरींनी काय करायचं होतं? तिथे शाळा, पोलीस आणि सरकार यांनाच विचारायचं असतं, आणि मुलींच्या प्रशिक्षणाचं नाव काढून तो प्रश्न कोणी बाजूला सारत असेल तर आपण सारू द्यायचा नाही.

मथुराची आठवण जुन्या मैत्रिणींना असेलच. १९७२, देसाईगंजची पोलीस चौकी. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार केला नाही, म्हणजे संमती होती, अशा तर्काने सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना सोडलं. त्याविरुद्ध उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये खुलं पत्र लिहिलं, १९८० मध्ये देशभर बाया रस्त्यावर आल्या. केवळ शरीराने प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येणार नाही, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला २०१३ उजाडलं. आपल्या वर्गातली एखादी उद्या प्रसंगात गोठून गेली, हात उचलला नाही, तर ‘एवढं शिकून काय केलंस’ हे वाक्य तिला ऐकावं लागता कामा नये. निदान आपल्या तोंडून नाही. भीतीने अंग गोठतं ही शरीराची रीत आहे, शिकलेल्यांचंही गोठतं.

नवी बॅच रविवारी दुपारी साडेतीनला सुरू होईल. वयाची अट नाही, सध्याच्या बॅचमध्ये सासू-सून दोघी आहेत, आणि सासूबाई जास्त नियमित आहेत. बांगड्या, मंगळसूत्र, कानातलं काढून ठेवावं लागेल. मंगळसूत्र काढणार नाही म्हणणाऱ्यांसाठी आम्ही ते कापडाच्या पट्टीने गळ्यालगत बांधून देतो, वाद घालत नाही. पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल, दिवस गेलेले असतील, तर आधी सांगा. दोन जुन्या गाद्या हव्या आहेत, कुणाकडे असतील तर कळवा. प्रश्न असतील ते आता विचारा, नंतर कोपऱ्यात गाठलं तरी चालेल.